आभार कसले

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाची वाचाच गेली. पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात लुळा पडला आणि जिभेवर मोजके शब्द उरले. डोकं मात्र शाबूत होतं. ते सुटे शब्द टाकायचे आणि समोरच्याला अर्थ लागला नाही की संतापायचे.

त्यांची थोरली मुलगी संगणक आणि भाषा या विषयात संशोधन करत होती. तिने हेच काम हाती घेतलं: रुग्णाने दोन-तीन शब्द उच्चारायचे, यंत्राने त्यांचं अख्खं वाक्य करून बोलून दाखवायचं. तीन वर्षं तिने त्यात जीव ओतला. इतका, की बाबांकडे जाणं आठवड्यावरून महिन्यावर आलं. "तुमच्यासाठीच तर करतेय, बाबा," ती फोनवर म्हणायची. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

यंत्राला शिकवायला रुग्णांची हजारो पत्रं होती. निम्म्यांत तक्रारीच. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "पाहुण्यांसमोर ते कुरकुरायला लागलं तर आपलं हसं होईल. जरा चाळून घ्या." एका दुपारी चहाचे घोट घेत तिने तक्रारींची पत्रं स्वतःच्या हाताने वगळली.

प्रात्यक्षिकाला बाबांनाच आणलं. सभागृह खच्चून भरलेलं. आई त्यांच्या खुर्चीमागे उभी. थोरलीने माइक पुढे धरला. "बोला बाबा, मनात येईल ते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द ओढून काढला. "मुलगी... वेळ... नाही."

यंत्र गोड आवाजात बोललं, "माझ्या मुलीने वेळात वेळ काढून माझी काळजी घेतली. तिचे आभार मानावे तेवढे थोडेच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांनी डावी मूठ टेबलावर आपटली. "नाही! नाही!"

यंत्राने तेही उचललं. "नाही, नाही, आभार कसले!"

लोक हसले. "भरून आलंय त्यांना," प्रमुख म्हणाले.

बाबांचा 'नाही' कुठे गळला आणि का, हे थोरलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्र चुकलं, एवढंच तिने म्हणायचं होतं. पण ती नुसती हसली आणि तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी खांदा काढून घेतला.

या कामावरचा तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला. वाक्यांच्या ओघवतेपणाचं परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. त्यानंतर तिने वगळलेली पत्रं परत घातली, यंत्राला नव्याने शिकवलं. तेच तीन शब्द तिने स्वतः उच्चारून पाहिले. "माझ्या मुलीला माझ्यासाठी वेळ नाही," यंत्र म्हणालं. ते घेऊन ती घरी गेली.

बाबा खिडकीशी बसले होते. "दुरुस्त केलंय, बाबा. आता काय वाटेल ते म्हणा. शिव्या घाला मला."

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

तासाभराने ती स्वयंपाकघरात आली. "आई, बोलणं पारच बंद झालं का गं त्यांचं?"

"छे. माझ्याशी बोलतात की. काल सलग चार शब्द बोलले."

"मग माझ्याशी?"

भांडी विसळता विसळता आईने नळ बंद केला. "मी विचारलं त्यांना, तिच्याशी का नाही बोलत. तर म्हणाले, 'ती... शब्द... बदलते.'"

थोरलीने यंत्र पिशवीत घातलं. "येते, बाबा," ती दारातून म्हणाली. त्यांनी मान हलवली. तेवढंच.