भोकावरची फळी

मी भोकाची खुर्ची बोलतेय. नाकाला पदर लावू नका, आता मला कसलाही वास येत नाही. तीन वर्षं झाली, माझ्यावर कोणी बसलेलं नाही.

जन्मानं मी मोठ्या मानाची, बरं का. नागझिऱ्याच्या जंगलातलं सागवान, कवडू सुताराचा हात आणि बसणारे भोजराज पाटील. त्यांच्या बापजाद्यांनी गावचं तळं बांधलेलं. देश स्वतंत्र झाला त्या साली तळ्याची पाळ खचली, तेव्हा भोजराजांनी मला पाळीवर नेऊन मांडलं आणि माझ्यावर बसून महिनाभर माणसांना शिव्या घालत माती टाकून घेतली. पाणी कुठून येईल, कुठं तुंबेल, हे त्या घरातल्या पुरुषांना नुसत्या नजरेनं कळतं. त्यांची बायको धुरपताबाई मला रोज पुसायची, पण टेकली कधी नाही. नवऱ्यासमोर बाईनं खुर्चीवर बसायचं म्हणजे काय खायचं काम आहे? चाळीस वर्षं ती भुईवरच बसली.

भोजराज वारले. पुढं एका भादव्यात धुरपताबाई अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. वैदूनं बांबूच्या कांबी बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं. काठी धरून दहा पावलं चालायची, उकिडवं बसणं मात्र कायमचं संपलं. आता उकिडवं बसता येत नाही म्हणजे काय, हे मीच उघड सांगते, कारण त्या घरात कोणी उघड बोललं नाही. सगळा गाव लोटा घेऊन रानात जायचा. हिनं जायचं कुठं?

मग कवडूला बोलावलं. ज्या हातांनी त्यानं मला घडवलं, त्याच हातांनी माझ्या बैठकीत भोक पाडलं. खाली मडकं ठेवलं, मडक्यात राख. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धुरपताबाई मात्र हसली.

"मालकानं जितेपनी खुर्चीवर बसू नाही देलं," ती कवडूला म्हणाली. "आता मेल्यावर देली, तं अशी देली."

दोन वर्षं ती माझ्यावर बसली. उठताना माझा हात थोपटायची, गाईची पाठ थोपटावी तशी. पाटलांनी कधी थोपटलं नव्हतं. खरं सांगू? मला तीच बरी वाटायला लागली.

मडकं उचलायची सून, कुंदाबाई. तिच्याबद्दल मी पुढं वाईटच बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते. गावात मैला उचलणारं कोणी नव्हतं. तिचा नवरा उमराव, या धुरपताबाईचा एकुलता एक मुलगा, मडक्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. रोज सकाळी पदरानं नाक बांधून कुंदाबाई मडकं उकिरड्यावर न्यायची, आणि विहिरीवरच्या बाया तिला वाट करून द्यायच्या. आदरानं नव्हे, हे सांगायला नको.

सत्तावन्न साल उजाडलं. उमरावची मुलगी प्रेमिला लग्नाची झाली. नागपूरच्या केशोरावांच्या ओव्हरसियर मुलाचं स्थळ आलं, आणि मध्यस्थानं हळूच विचारलं की घरात संडास आहे ना, शहरातली माणसं आहेत. उमरावच्या डोळ्यांपुढं मी आले असणार. ओसरीच्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या आडोशाला, राखेच्या मडक्यासकट. मला काढून चिनीमातीचं पांढरं भांडं बसवायचं, असं ठरलं.

तो गोंदियाला निघाला तेव्हा धुरपताबाईनं त्याला हाक मारली. आयुष्यात तिनं मुलाकडं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"उमराव, बसाचं आनजो. मले उकिडवं जमत नाही."

"हो माय," तो म्हणाला, आणि बैलगाडीत बसला.

दुकानात मी नव्हते. पण परत आल्यावर उमरावनं तिथली कथा ओसरीवर इतक्यांदा सांगितली की मला पाठ झाली. दुकानदार छोटेलालनं दोन भांडी पुढं मांडली. एक खुर्चीसारखं बसायचं, एक उकिडवं. वर एकच प्रश्न विचारला, "घर में कोई बूढ़ा-बीमार है क्या?" उमराव म्हणाला, नाही, हमारे घर में सब अच्छे हैं. आणि उकिडवं घेतलं. का, तर ज्या भांड्यावर दहा जणांचं उघडं अंग टेकतं त्यावर व्याही कसे बसतील? विटाळ नाही का? ऐकणारे माना डोलवत होते. दाराच्या आत, चार हातांवर, धुरपताबाई बाजेवर पडून होती.

मग उमरावनं संडास बांधला, आणि इथं त्याच्या घराण्याची अक्कल कामाला आली. तळं भरलं की त्या घराच्या आवारात दोन हात खणलं तरी पाणी लागतं. मैल्याच्या टाकीत पाणी शिरेल, भांडं उलटं भरेल, हे गवंड्याला कळलं नसतं. उमरावला कळलं. त्यानं दोरी लावून पातळी काढली आणि संडास उंच चौथऱ्यावर घेतला. सहा पायऱ्या. कुठल्याही पावसाळ्यात थेंब आत शिरणार नाही असं बांधकाम. लोक दवनीवाड्याहून बघायला आले. उतार बघितला, पाणी बघितलं, वारा बघितला. आईचा पाय तेवढा कोणी बघितला नाही.

त्याच दिवशी मला उचलून गुरांच्या कोठ्यात टाकलं. कोठ्याच्या फटीतून मला अंगण दिसे, म्हणून पुढचं मी बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी उमरावनं आणि प्रेमिलानं तिला धरून सहा पायऱ्या चढवल्या. वर तिला वाकता येईना. व्हायचं ते तिथंच झालं, लुगड्यात आणि पांढऱ्या भांड्याच्या कडेवर. कुंदाबाईनं तिच्यादेखत घागरीवर घागरी ओतून भांडं धुतलं. भांडं आधी धुतलं, सासूला नंतर. उमरावनं संडासाला कुलूप लावलं आणि सांगितलं की पाहुणे येऊन जाईपर्यंत तिनं वर जायचं नाही.

प्रेमिलानं बापाला विचारलं, आजीची खुर्ची तरी परत आणू का? त्यावर कुंदाबाईचं तोंड सुटलं.

"दोन वर्सं बुढीची घान म्या उचलली. एक दिवस तरी मले कोनी इचारलं काय?"

कोणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. उमराव म्हणाला, पाहुणे गेले की खुर्ची आणू. आठ दिवसांचा तर प्रश्न. आठ दिवस. म्हातारीचं पोट काय पंचांग बघून चालतं?

धुरपताबाईनं आपल्यापुरता तोडगा काढला. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर येणार काय? आधी तिनं भात सोडला. मग पेज सोडली. मग पाणी. चैत्राचं ऊन होतं, गुरंसुद्धा जिभा काढून उभी होती. प्रेमिला तांब्या घेऊन बाजेशी बसायची. म्हातारी ओठ ओले करायची आणि तांब्या परत द्यायची. म्हणायची, "तुह्यं लगन होऊ दे, मंग पेतो."

पाहुणे आले. केशोराव सहा पायऱ्या चढून गेले, उतरून आले आणि म्हणाले की खेड्यात इतकं सुधारलेलं घर त्यांनी बघितलं नव्हतं. स्थळ पक्कं झालं. आजी कुठं आहेत, असंही त्यांनी विचारलं. उमराव म्हणाला, झोपली आहे.

ते गेल्यावर उमराव खरंच मला न्यायला कोठ्यात आला. त्याच्यावर मी खोटा आळ घेणार नाही. मला धुऊन त्यानं अंगणात मांडलं. पण धुरपताबाईला उठवायला गेले तर तिची जीभ टाळूला चिकटलेली. चमच्यानं पाणी घातलं, ते गालावरून ओघळलं. दुपारी ती गेली. ज्याच्या शब्दावर गावाच्या धानाच्या बांध्यांना तळ्याचं पाणी सुटायचं, त्याची आई तहानेनं मेली.

त्या घरची रीत अशी, की माणूस गेलं त्या जागी दहा दिवस दिवा आणि भरला तांब्या ठेवायचा. रोज सकाळी तांब्यात बघायचं. पाणी कमी झालं तर जीव पिऊन गेला, शांत झाला. ठेवायला काहीतरी हवं होतं. उमरावनं माझ्या भोकावर फळी ठोकली, पांढरं कापड घातलं आणि माझ्यावर तांब्या ठेवला. पाणी स्वतः तळ्यातून आणलं. आलेल्या-गेलेल्याला सांगे, मायची आवडती खुर्ची.

पहिल्या सकाळी पाणी काठोकाठ. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या सकाळीही तसंच. नवव्या दिवशी सगळे नातेवाईक जमले होते. उमराव तांब्यात डोकावला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "काऊन पेत नाही माय? काऊन पेऊन नाही राहिली?"

प्रेमिला भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"आजी पानी पेनार नाही, बाबा," ती म्हणाली. "पयले त्या भोकावरची फळी काढा."

कोणी काढली नाही. आज साठ साल आहे, फळी तशीच आहे. प्रेमिला नागपूरला गेली, माहेरी येत नाही. मी ओसरीवर आहे. नवा माणूस आला की माझ्यावर बसायला जातो आणि उमराव ओरडून त्याला उठवतो. स्वतःही बसत नाही. परवा तो संडासाच्या पायऱ्या उतरताना गुडघा धरून थांबला होता. सहा पायऱ्या त्यालाही मोजाव्या लागणार, दिवस काही फार दूर नाहीत.

माझं मागणं एवढंच आहे. घरात नवं भांडं बसवायला निघाल, तेव्हा दुकानदार एक प्रश्न विचारील. त्याला खरं उत्तर द्या.