परवान्याचा कोडेक

घाटकोपरच्या अभ्यासिकेत माधुरीने सगळ्या संगणकांवर मुक्त, म्हणजे कुणालाही ज्याच्या कोडमध्ये सुधारणा सुचवता येते असा, ब्राउझर बसवला होता. पण व्याख्यानांचे व्हिडिओ त्यात चालेनात. ते उलगडून दाखवणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे कोडेकला, परवाना लागतो आणि या ब्राउझरकडे तो नव्हता.

"चोरीचा टाक ना यार," तिचा मित्र चैतन्य म्हणाला.

"नाही रे. संगणकात परवान्याचा कोडेक आहेच. तो वापरायला ब्राउझरला शिकवते."

तिने लिहिलेला कोड ब्राउझर बनवणाऱ्यांनी चुका दाखवून परत पाठवला. तिने तो पुन्हा लिहिला आणि या वेळी त्यांनी स्वीकारला. नवी आवृत्ती आली, तेव्हा अभ्यासिका चालवणाऱ्या तिच्या वडिलांनीच व्हिडिओ लावला. तो झकास चालला.

"हे जगभर चालणार?"

"हो बाबा."

ते ताठ उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "माझ्या पोरीनं केलंय हे. बघा आता पोटभर."