मायची आन

"आंधळी शे का वं तू? कापूस वेचस का पाला?"

मंजुळाबाईंचं तोंड सकाळी वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधली की सुरू व्हायचं, ते ऊन उतरेपर्यंत. त्यांची सून मोहिनी माझ्या शेजारच्याच ओळीत वेचत होती. पोरगी कष्टाला कमी नाही. पण तिच्या कापसात पत्ती, काडी, सगळं यायचं आणि फुटलेली बोंडं मात्र झाडावरच राहायची. गेल्या हंगामातही हेच. खोटं कशाला बोलू, मनात मीसुद्धा तिला बावळटच धरलं होतं.

त्या दिवशी बांधावर बेबाबाई येऊन उभी राहिली. मोहिनीची आई, लेकीला दिवाळीला न्यायला आलेली. हातात पिशवी, तोंडभर हसू. मोहिनी ओटी रिकामी करायला तिकडे गेली, आईपासून चार हातांवर थांबली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "कोन शे?"

बेबाबाईचं हसू गेलं. "मी शे वं, तुनी माय."

"घ्या! मायले बी वळखस नही!" मंजुळाबाई खिदळल्या. "आशी कशी पोर दिधी आम्हले, इहीनबाई?"

बेबाबाई मटकन बांधावर बसली. मी पाणी घेऊन धावले, तर ती पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला चष्मा काढत होती. दर खेपेला आणायची आणि हिंमत न होऊन तसाच परत न्यायची, असं नंतर कळलं.

"तिले बोलू नका. चूक मनी शे. शाळामा डॉक्टर उनता, तवय तिले चष्मा लागना. पाव्हना दखाले उनात त्या दिन मी तो कोठीमा दपाडी ठेवा. चष्मावाली पोर कोन करी? सासरले सांगशी ते मनं मरेल तोंड दखशी, आशी आन घाली मी तिले."

आईच्या जिवाची शपथ. ती घालणाऱ्यानेच सोडवायची असते. पोरगी दोन हंगाम शिव्या खात राहिली, पण आईचा जीव सांभाळला. मला माझीच लाज वाटली.

"म्हनजे आम्हले फसाडं तुम्ही!" मंजुळाबाई कडाडल्या.

"मी फसाडं, तिनी नही. राग मनावर काढा. तिले घरना बाहेर काढू नका."

मोहिनी सासूकडे न बघता आईला बिलगली. "माय, तू बोलनी! तुले काही व्हई जाई!"

"सुटनी आन. मीच घाली, मीच सोडी. लाव बेटा."

तिने लावला, बोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. "थोडंसंच दिखस. नंबर वाढी गया व्हई."

आमच्या गावात डोळे तपासणारं कोणी नाही. बाजारात गाडीवर चष्मे मिळतात, ते म्हाताऱ्यांचे. ऐन वेचणीत धरणगाव, तिथून जळगाव म्हणजे अख्खा दिवस मोडायचा आणि चष्मा आणायला पुन्हा एक फेरी.

मंजुळाबाईंनी सुनेच्या ओटीतला पत्ती आलेला कापूस हातात घेऊन पाहिला.

"बठ्ठा गावमा मी इले आंधळी म्हनी ऱ्हायनू," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज पार बसलेला. मग त्यांनी ओटी सोडली. "सकाय जळगाव जाऊत. वेचनं ऱ्हाऊ द्या."

"लोके नावं ठेवतीन," बेबाबाई पुटपुटली.

"ठेवू दे. मनं तोंड काय सूनवरच चालस का?"

नवा चष्मा येईपर्यंत बेबाबाई थांबली होती. तो आला त्या दिवशी ती माझ्या ओट्यावर बसली असताना मोहिनी आधी तिथेच आली. "काकू, तुम्हले मिशा शेत!" म्हणून इतकी हसली की मलाही हसू आलं. मग ती आईकडे वळली आणि तिचं हसू थांबलं. किती तरी वेळ ती आईचं तोंड बघत राहिली.

"माय, तू इतली म्हतारी कवय व्हयनी वं?"

बेबाबाईने पदर तोंडावर ओढला. मोहिनीने तो हळूच बाजूला केला आणि पुन्हा पाहिलं.