शाळेच्या व्हॅनचे दोन बोल्ट

विक्रोळीला कन्नमवार नगराच्या मागच्या रस्त्यावर दशरथ मिस्त्रींचं गॅरेज आहे. तिथे भिंतीवर एक लांब फळी ठोकलेली आहे आणि सगळी हत्यारं त्या फळीवर खिळ्यांना लटकतात. फक्त एकाच हत्याराला स्वतःची पेटी आहे, निळी, आत स्पंज घातलेली. मित्रांनो, त्या पेटीत राहणारा जुना टॉर्क पाना तो मीच. मला थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकलंत की तुम्ही मला माफ कराल.

बाकीचे पाने बोल्ट फिरवतात. बोल्ट किती जोराने आवळला गेला, ते मात्र मी सांगतो. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. माझी मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा आणि सावकाश ओढायचं. जोर त्या आकड्याला पोचला की मी ‘कट्’ असा आवाज करतो आणि हाताला हलकासा झटका देतो. त्याचा अर्थ, बस, झालं. त्यापुढे केसभरही नको.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर आमची परीक्षा घेतात. एका यंत्राला जोडून प्रत्येकाला दहा, पंधरा, वीस अशा आकड्यांवर कट् करायला लावतात आणि यंत्राचा काटा खरंखोटं करतो. माझ्या आधीचे दोघं नापास झाले. मी सगळ्या आकड्यांवर पास झालो आणि मला प्रमाणपत्र मिळालं. ते अजून पेटीच्या झाकणात आहे. जरा तेलकट झालंय, पण आहे.

मला विकत घेतलं तेजलने. ती दशरथ मिस्त्रींची मुलगी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून ती मालाडला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काम करत होती. तिथे माझ्यासारख्या पान्यांशिवाय इंजिनाला कोणी हात लावत नसे. नोकरी सोडून ती वडिलांच्या गॅरेजात आली तेव्हा मला बरोबर घेऊन आली.

दशरथ मिस्त्रींनी पेटी उघडून मला उलटसुलट करून पाहिलं.

“हे काय आणलंस गं? पाना आहे की रिक्षाचा मीटर?”

“टॉर्क पाना आहे पप्पा. किती आवळायचं ते हा सांगतो.”

“मला सांगणार? हा कालचा?” ते हसले. “तीस वर्षं झाली तेजू. काटा माझ्या हातातच आहे.”

मला राग आला, पण ते खोटं बोलत नव्हते. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत त्यांच्या हाताचं नाव होतं. बोल्टला बोट लावून तो कितीचा आवळलाय हे ते सांगायचे, आणि तेजलने मला लावून पाहिलं की जवळजवळ तेवढंच निघायचं. मनातल्या मनात मी त्यांना मानत होतो.

त्या गॅरेजात एक रीत होती. काम कोणीही केलेलं असो, शेवटी दशरथ मिस्त्री स्वतःचा पाना घेऊन यायचे आणि प्रत्येक बोल्टला आणखी एक छोटी ओढ द्यायचे. त्याला तिथे ‘आशीर्वाद’ म्हणायचे. गिऱ्हाइकंही तो मागून घ्यायची. “दादा, एकदा तुमचा हात लावा ना,” असं म्हटल्याशिवाय कोणी किल्ली घेत नसे. मला ती रीत मुळीच पसंत नव्हती. मी ‘बस’ म्हटल्यावर आणखी ओढायचं म्हणजे माझा शब्द खोटा पाडणंच झालं. पण हात चांगला होता, ओढ हलकी असायची, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

पहिलं वर्ष मी पेटीतच पडून होतो. एकदा तर मिस्त्रींनी मला एका टेम्पोच्या चाकाचा गंजलेला नट खोलायला घेतलं! माझी हाडं खिळखिळी व्हायची वेळ आली होती. तेजल धावत आली.

“पप्पा, याने खोलायचं नसतं! याने फक्त आवळायचं असतं.”

“हो का? साहेब आहेत का हे?”

साहेबच होतो. ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला, इतकंच. पुढे हळूहळू इंजिनाची कामं तेजलकडे आली आणि तिच्यामुळे माझ्याकडे. त्यातलं माझं सर्वांत आवडतं काम म्हणजे पेट्रोलच्या नळीचं.

मित्रांनो, गाडीच्या टाकीतलं पेट्रोल पंपाने दाबून एका नळीतून इंजिनापर्यंत येतं. त्या नळीखाली इंजेक्टर बसवलेले असतात. ते पेट्रोलचे बारीक फवारे मारतात. प्रत्येक इंजेक्टरला एक रबरी रिंग असते आणि ही सगळी मंडळी जागेवर धरून ठेवतात फक्त दोन छोटे बोल्ट. करंगळीएवढे! ते सैल राहिले तर रिंगेतून पेट्रोल झिरपतं आणि खाली असतं तापलेलं इंजिन. जास्त आवळले तर त्याहून वाईट. बोल्ट पोलादाचा आणि ज्यात तो बसतो ते भोक ॲल्युमिनियमचं असतं. जोर जास्त झाला की भोकातले आटे, म्हणजे बोल्टला धरून ठेवणाऱ्या वळणदार खाचा, झिजून मरतात. तेव्हा काही कळत नाही, बोल्ट घट्टच वाटतो. मग चार दिवस गाडी खडखडते आणि बोल्ट आपणहून वर येतो. म्हणून या बोल्टांना लहान आकडा, पुढे येणाऱ्या व्हॅनला दहा न्यूटन-मीटरचा. एकदा हा थोडा, एकदा तो थोडा असं करत दोन्ही त्या आकड्यावर आणायचे. अशा कितीतरी नळ्या मी बसवल्या आणि एकीतूनही थेंब गळला नाही.

याच काळात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी माणूस त्याच्या मुठीवरून ओळखतो. दशरथ मिस्त्री मला क्वचितच धरायचे, पण दर वेळी त्यांची मूठ आधीपेक्षा घट्ट असायची. ज्याला हातातली वस्तू नीट जाणवत नाही तो ती आवळून धरतो. लहान नट त्यांच्या बोटांतून निसटायचे. “तेल लागलंय,” म्हणायचे आणि खाली वाकून शोधायचे. तेल लागलेलं नसायचं. मला बोलता येत नाही, याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं. कारण ज्या हातावर त्यांचं सगळं नाव उभं होतं, तो हात त्यांना सोडून चालला होता आणि ते कोणाला सांगत नव्हते.

मग आली स्वरदाताईंची व्हॅन. स्वरदाताई मुलुंडला शाळेची व्हॅन चालवतात, रोज अकरा मुलं नेतात आणि आणतात. व्हॅन झटके देत होती. तेजलने इंजेक्टर काढून साफ केले, नव्या रिंगा घातल्या आणि दोन्ही बोल्ट माझ्याकडून दहावर आवळून घेतले. कट्, कट्. मग ती पुढच्या चौकातून एक सामान आणायला गेली.

स्वरदाताई किल्ली घेता घेता म्हणाल्या, “दादा, तुमचा आशीर्वाद द्या ना. पोरं असतात गाडीत.”

मिस्त्री उठले, फळीवरचा पाना घेतला आणि बोल्टला लावून ओढला. बोल्ट किंचित कुरकुरला. मी बाकावर होतो, मला ऐकू आलं. त्यांच्या बोटांना कळायला हवं होतं. पण त्यांनी आणखी ओढलं आणि समाधानाने बोनेट लावलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. “जय भीम, बोला,” म्हणून मिस्त्रींनी उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. व्हॅन सिग्नलला उभी असताना स्वरदाताईंना पेट्रोलचा वास आला होता. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं, अकरा मुलांना उतरवलं आणि एकमेकांचे हात धरायला लावून लांब फुटपाथवर नेऊन उभं केलं. कोणाला काही झालं नाही. दुसरी गाडी बोलावून त्यांनी मुलं शाळेत पोचवली आणि दुपारी व्हॅन ओढून गॅरेजात आणली.

“दादा, पोरं होती गाडीत.” स्वरदाताई एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेजलने बोनेट उघडलं. नळीचा एक बोल्ट वर आलेला होता.

“सैल राहिला,” मिस्त्री म्हणाले. “मी सांगत होतो, हा पानाच खोटा आहे. आकडा दहाचा आणि आवळतो पाचवर! फेक तो भंगारात.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतका अपमान कधी झाला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे तेजलनेही माझ्याकडे संशयाने पाहिलं. तिचंही बरोबरच होतं. पाने कधी खोटे पडतात, स्प्रिंग थकते. “फेकायच्या आधी तपासते,” ती म्हणाली.

तिने माझं डोकं वाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, पकडलं आणि मला आडवं धरलं. दहाचा आकडा लावला. डोक्यापासून मोजून वीस सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्यावर, पाण्याचा रिकामा कॅन लटकवला.

“यात पाच लिटर पाणी झालं की दहाचा जोर होतो. तेव्हा कट् झालं तर हा खरा. आधी झालं तर खोटा.”

ती मापाने पाणी ओतू लागली. तीन लिटर. मी गप्प. चार लिटर. मी गप्प. मिस्त्री आणि स्वरदाताई दोघंही वाकून बघत होते. साडेचार झाले. स्प्रिंगवर भार येत होता आणि मला कारखान्यातलं ते टेबलही इतकं अवघड वाटलं नव्हतं. तेजलचा हात आता थेंबाथेंबाने ओतत होता. पाच लिटरची रेघ भरली आणि मी म्हणालो, कट्!

तिने पाणी ओतून टाकून पुन्हा केलं. पुन्हा पाचालाच. सात वर्षांच्या कामानंतर! सांगा बरं, गर्व का नसावा?

तेजलने मग तो वर आलेला बोल्ट हाताने काढला आणि उजेडात धरला. त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत चुरा अडकला होता.

“हा सैल राहिलेला नाही,” ती हळू म्हणाली. “हा जास्त आवळलाय. आटे मेलेत.” मग तिने मान वर केली. “पप्पा, तुम्ही आशीर्वाद दिलात?”

मिस्त्रींनी तिच्या हातातून बोल्ट घेतला आणि त्या चुऱ्यावरून बोट फिरवलं.

“दिला,” मिस्त्री म्हणाले.

“मीच मागितला होता,” स्वरदाताई म्हणाल्या.

“तुम्ही मागितलात, पण हात माझा होता.” मिस्त्रींनी त्यांच्यासमोर हात जोडले. “चूक माझी आहे ताई. पान्याची नाही, हिचीही नाही. यापुढे मी इंजिनाला हात लावणार नाही.”

मी पूर्ण निर्दोष सुटलो होतो. तरी मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं नाव कमावलेला कारागीर माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता, आणि ते बघायला मी जिंकलो नव्हतो.

तेजलने बॅटरीची तार काढली, मेलेल्या भोकात नवे आटे बसवले, नवा बोल्ट आणि नव्या रिंगा आणल्या. मला दहावर लावलं आणि नळीकडे वळली, तेवढ्यात स्वरदाताईंनी तिला थांबवलं.

“दादांना आवळू दे.”

“नको ताई,” मिस्त्री म्हणाले.

“का नको? उद्या माझी पोरं बसणार आहेत यात. हात लावणार नाही म्हणून कसं चालेल? पाना घ्या आणि माझ्यासमोर आवळा.”

तेजलने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांची मूठ नेहमीसारखीच घट्ट होती. त्यांनी डावा बोल्ट थोडा घेतला, उजवा थोडा घेतला, पुन्हा डावा. मी नेहमीपेक्षा मोठ्याने कट् केलं असतं, पण मला एकच आवाज येतो. तोच मी केला. त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. दुसऱ्या बोल्टलाही थांबला. तेजलने तार जोडली, नळीखाली कोरडा कागद धरला आणि इंजिन सुरू न करता दोनदा नुसती किल्ली फिरवली, म्हणजे पंप नळीत दाब भरतो. कागद कोरडा राहिला. मग इंजिन चालू केलं. तरी कोरडा.

स्वरदाताई गेल्या. मिस्त्री मला पुसत बाकावर बसले. माझी मूठ फिरवून त्यांनी आकडा सर्वांत खाली आणला, स्प्रिंगला आराम पडावा म्हणून. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तेजलला रोज करताना पाहून पाहून आलं होतं.

“तेजू,” ते म्हणाले, “मघाशी कट् कानांनी ऐकलं. बोटांना काहीच नाही कळलं गं. कधीचं कळत नाहीये.”

तेजलने त्यांच्या हातांवर हात ठेवले. “उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. गॅरेज दुपारी उघडू.”

रक्तात साखर निघाली, खूप दिवसांची, आणि तिनेच बोटं बधिर केली होती. आता औषध चालू आहे. बोटांतली जाणीव थोडी परत येईल, सगळी नाही, असं डॉक्टर म्हणाले. मिस्त्री इंजिनाचं काम करतात, पण माझ्याशिवाय एकही बोल्ट आवळत नाहीत. आशीर्वाद बंद झाला. मला हे सांगताना अभिमान वाटतो की विक्रोळीतला सर्वांत नावाजलेला हात आता माझा शब्द मानतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा पाना असेल तर त्याला आपटू नका, त्याने गंजलेले नट खोलू नका, काम झालं की त्याचा आकडा खाली आणून ठेवा आणि वर्षातून एकदा त्याची परीक्षा घ्या. मी इतकी वर्षं खरा राहिलो, कारण एका मुलीने माझी रोज काळजी घेतली. पण माझ्यावर संशय आला तेव्हा मला वाइसमध्ये धरून तपासता आलं. माणसाला असं तपासता येत नाही, त्याला विचारावं लागतं. तुमच्या आईच्या हातून बशी निसटत असेल, वडिलांना शर्टाचं बटण लावायला वेळ लागत असेल, तर हसून पुढे जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे हात आपल्या हातात घेऊन विचारा, बोटांना कळतंय ना?