लॉइडचं टेंगूळ

एल्डर फोर्क गावचा माणूस परगावच्या स्केटपार्कात लपत नाही. चांगला ऐटीत वळण घेत येतो आणि सपाट, गुळगुळीत जागी, काही कारण नसताना, एकदम गुडघे वाकवतो. मग तोल जातो, माणूस एकीकडे, स्केटबोर्ड दुसरीकडे, आणि काठावरचे हसतात, "आलं बघा एल्डर फोर्क!"

हे सगळं लॉइडच्या टेंगळामुळे. गावातला बाऊल, म्हणजे बोर्डवाल्यांनी आत उतरून गरगर फिरायचा तो काँक्रीटचा हौद, लॉइडनं आणि त्याच्या दोस्तांनी ऐन विशीत स्वतःच्या हातांनी बांधला होता. डाव्या वळणात त्याला एक टेंगूळ राहून गेलं. गावातली सगळी पोरं त्यावरच शिकली. तिथे गुडघे मुडपायचे, पलीकडे पाय दाबून वेग घ्यायचा. हे इतकं अंगात मुरलं की टेंगूळ असो वा नसो, गुडघे आपले वाकायचेच.

"मुद्दाम ठेवलंय ते," असं लॉइड जन्मभर सांगत राहिला. कोण विश्वास ठेवणार? त्याची बायको मार्नी तर मुळीच नाही, कारण त्या दिवशी ती तिथेच होती. भर जुलै, ऊन मी म्हणतंय, काँक्रीट नुकतंच ओतलेलं, आणि ही सँडविचं घेऊन आली. तेव्हा लग्नबिग्न काही नव्हतं, नुसती ओळख. लॉइड हातातली थापी टाकून हिच्याशी गप्पा मारत बसला तो बसलाच. परत जाऊन बघतो तर काँक्रीट उंचवट्यासकट घट्ट झालेलं. त्यावरून तिनं त्याला तीस वर्षं चिडवलं, आणि त्यानं तीस वर्षं मान्य केलं नाही. असा हट्टी माणूस!

गेल्या हिवाळ्यात लॉइड गेला. बाऊलला भेगा पडल्या होत्या, पाणी साचत होतं. गावाच्या समितीनं नवा बांधायचं ठरवलं, पण जुना फोडायला कोणाचा हात धजेना. शेवटी सगळ्यांनी ते मार्नीवर सोडलं. सोमवारी तिनं हो म्हटलं तर फोडायचा, नाही म्हटलं तर तसाच राहू द्यायचा.

"आधी आपल्यापेक्षा चांगला एक तरी दाखवा," मार्नी म्हणाली. म्हणून तिचा धाकटा दीर ड्वेन आपली खटारा व्हॅन घेऊन आला. मागे दोन बोर्ड, गुडघ्यांना बांधायची पॅडं आणि मोठा झाडू. कुठल्याही पार्कात सगळ्यात आधी पोचेल त्यानं झाडायचं, हा बोर्डवाल्यांचा शिरस्ता.

समुद्रकाठच्या पार्कात त्यांनी घमेलंभर वाळू काढली. मग मार्नी उतरली, छान दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला गुडघे वाकले आणि ती कोपरावर आपटली.

"कोणाला मुजरा करतेस गं?" ड्वेन वरून ओरडला.

"तुझ्या तोंडाला! इथला काठावरचा लोखंडी पाइप फार पुढे आलाय."

पुढचा पार्क पुलाखाली होता. तिथे जमीन खरखरीत. त्यापुढचा डोंगरापलीकडे. तिथे वळणं फार सोपी, म्हणे झोप येते.

"अगं, तू पार्क बघायला आलीयस की सोयरीक मोडायला?" ड्वेन म्हणाला.

मार्नीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. खरं तिला दिसत होतं. तिन्ही पार्क त्यांच्या बाऊलपेक्षा चांगले होते, पुलाखालचा तर फारच. पण लॉइडचे कपडे तिनं वाटून टाकले होते, ट्रक विकला होता. जिथे पाय ठेवला की तो आहे असं वाटावं अशी ती एकच जागा उरली होती. ती फोडा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मी नाहीच म्हणणार आहे," व्हॅनमध्ये बसल्यावर ती म्हणाली. "उगाच पेट्रोल जाळू नकोस."

"एकच राहिलाय. क्विनबीचा. आपला नवा जी बांधणार आहे त्याच बाईनं बांधलाय. भेटायला येणारे ती."

ती बाई, टेसा, काठावर बसून वाटच बघत होती. पस्तिशीची, हाताला सिमेंटचे चरे, बोलायला लाजरी. तिनं आधीच झाडून ठेवलं होतं. मार्नीनं रामराम केला न केला आणि तोंड वाकडं करून ती आत उतरली.

पहिलं वळण लोण्यासारखं. दुसरं त्याहून सरस. डाव्या वळणात गुडघे सवयीनं वाकले. आता आपटणार म्हणून तिनं दात आवळले, आणि बोर्ड तिच्याखाली हलकेच वर आला. तिचे पाय आपसूक दाबले गेले. वेग असा मिळाला की ती थेट समोरच्या काठावर जाऊन उभी राहिली.

वर ड्वेननं बोर्ड जमिनीवर खडाखडा आपटला. बोर्डवाल्यांच्या टाळ्या त्या. मार्नीला त्या ऐकूच आल्या नाहीत. ती चालत खाली गेली, गुडघ्यांवर बसली आणि हात फिरवला. नजरेला दिसणार नाही इतकं बारीक, पण होतं. टेंगूळ होतं!

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

टेसा खाली आली. "लहानपणी एक उन्हाळा मी तुमच्या गावात मावशीच्या घरी होते. लॉइडनं मला बोर्डवर उभं राहायला शिकवलं. मी विचारलं, हा उंचवटा का? तो म्हणाला, मुद्दाम ठेवलाय, सपाट जागेवर कोणीही चालेल, गुडघ्यांना काही काम नको का? मला ते फार पटलं. तेव्हापासून मी बांधलेल्या प्रत्येक पार्कात घालते. साहेब ओरडतात, म्हणून लहान घालते."

"प्रत्येक?"

"प्रत्येक." मग जरा घाबरून तिनं विचारलं, "मुद्दामच होता ना तो? आमच्याकडची माणसं हसतात मला. म्हणतात, चुकलं असेल त्याचं काहीतरी."

ड्वेननं तोंड उघडलं. मार्नीनं त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

तिला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते, दोन्ही एकदम. तिनं बाहीनं नाक पुसलं.

"मुद्दाम म्हणजे? अगदी मुद्दाम," ती म्हणाली. "मी होते ना तिथे, सँडविचं घेऊन गेले होते. सोमवारी फोडायला या. आणि हे बघ, आमच्याकडे लहान घालायचं नाही. होतं तेवढं घालायचं."