पंधरापर्यंत मोजायचं

डिसेंबरच्या सुरुवातीला ह्यांची मान आखडली. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, त्याचं हे फळ. मला कीव कमी आणि राग जास्त आला. पण ह्यांची काळजी वेगळीच होती. उत्तरायण, म्हणजे आपल्या संक्रांतीचा पतंगांचा सण, महिन्यावर आलं होतं, आणि मान वर होत नसेल तर बडोद्यात त्या दिवशी गच्चीवर जाऊन करायचं काय? समोरच्या गच्चीवरच्या मानसिंगरावांनी गेल्या वर्षी ह्यांचे सात पतंग कापले होते. आमच्या लग्नाची तारीख ह्यांना आठवत नाही, ते सात मात्र पाठ आहेत.

माझी भाची योगिनी फिजिओथेरपिस्ट. तिने तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, रोज सकाळी हलका ताण द्यायचा. ताठ बसून कान खांद्याकडे न्यायचा, खांदा मात्र उचलायचा नाही. पंधरापर्यंत मोजून दुसरी बाजू. मग दोन्ही खांदे कानांपर्यंत नेऊन श्वास सोडत खाली. झटका द्यायचा नाही, दुखलं तर थांबायचं. आणि काका चालढकल करतील म्हणून मला समोर बसवलं.

हे मात्र पंधरा अंक चार सेकंदांत उरकायचे, तेही पेपरवर नजर ठेवून. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे असली मुलं मी चांगली ओळखते. मी रागवायचे, आणि कसं करायचं ते दाखवायला स्वतःचे पंधरा सावकाश मोजायचे.

उत्तरायणाच्या सकाळी वारा झकास होता. दोरा ह्यांच्या हातात आणि मागे फिरकी धरून मी, हा आमच्या घरचा एकतीस वर्षांचा रिवाज. मी दोरा मागितला नाही असं नाही. मागितला की वारा पडल्यावर देतो म्हणायचे. अकरा वाजेपर्यंत ह्यांनी एक पतंग कापला, तीन घालवले, आणि मग मानेने दगा दिला. आकाशाऐवजी समोरची पाण्याची टाकी बघत पतंग उडवायला लागले. चौथाही गेला. समोरून मानसिंगराव "लपेट" ओरडले, म्हणजे उरलेला दोरा गुंडाळा आता.

हे कट्ट्यावर जाऊन बसले. चेहरा इतका उतरला होता की माझा सगळा राग गेला.

"संपलं माझं, नलिनी," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी वर यायलाच नको."

मी फिरकी त्यांच्या मांडीवर ठेवली, बोटांना पट्टी गुंडाळली आणि नवा पतंग उचलला. दोन वेळा तो कठड्याला आपटला, तिसऱ्यांदा चढला. वर बघितलं आणि मीच दचकले. मान सहज मागे गेली होती. वह्या तपासून दगड झालेले खांदे मोकळे झाले होते. ह्यांना दाखवायला केलेला व्यायाम माझ्या अंगी लागला होता. एकतीस वर्षं मी ह्यांची पाठ बघत उभी होते, आकाश एवढं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मानसिंगरावांचा लाल पतंग माझ्यावर चालून आला.

"ढील देऊ?" मागून हळूच आवाज आला. आजवर हा प्रश्न मी विचारायचे.

"द्या."

लाल पतंग कटून विश्वामित्री नदीच्या दिशेने डुलत निघाला. हे फिरकीसकट उठून "लपेट" असं ओरडले की खालची कुत्री भुंकायला लागली. समोर मानसिंगरावांच्या मागे फिरकी धरून उभ्या असलेल्या लीलावहिनी तर हसून हसून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे वासी उत्तरायणाला, हे माझ्याआधीच खुर्चीत येऊन बसले होते. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला. कान खांद्याकडे नेऊन सावकाश मोजत होते. तेरावर थांबले.

"आज दोरा अर्धा अर्धा वेळ घ्यायचा का?"

एकतीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. माझे डोळे भरून आले, ते मी दिसू दिले नाहीत. चालेल म्हटलं, पण पहिली पाळी माझी, आणि आधी पंधरा पूर्ण करा.