वॉल्टरचे रुंद टायर

“हे नकोत. अरुंद दाखव,” एल्सी म्हणाली.

गॉर्डने हातातला टायर जमिनीवर टेकवला आणि वासराच्या पाठीवर थोपटावं तसं त्याच्यावर थोपटलं. “अगं, बघ तरी! वॉल्टरला आवडायचे तस्सेच आहेत. रुंद, दणकट. गाडी कशी पैलवान दिसेल.”

“मला गाडी कुस्तीला पाठवायची नाहीये, गॉर्ड. डोंगरावर न्यायचीय.”

गॉर्डने तोंड वाकडं केलं. कूटनीच्या त्या खोऱ्यात टायरचं दुकान त्याचं एकट्याचं. बर्फ पडायच्या आधीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण एल्सीसाठी त्याने सकाळपासून जॅक मोकळा ठेवला होता. वॉल्टर किनाकिन त्याचा जिवाभावाचा दोस्त. एप्रिलमध्ये, प्लमची झाडं फुलात असताना, वॉल्टर हृदयाच्या झटक्याने गेला आणि त्याची ती उंच हिरवी गाडी बायकोकडे, एल्सीकडे, आली. गाडीखालचे चिखलाचे टायर एवढे रुंद, की पाहुणे आधी टायरकडे बघत आणि मग वॉल्टरकडे. ते ह्याच दुकानात दोघांनी अर्धा दिवस थट्टामस्करी करत बसवले होते.

“आणि तसंही तुझी गाडी फोर-व्हील ड्राइव्ह,” गॉर्ड म्हणाला. “चारही चाकं ओढतात. आहेत त्या टायरांवर ‘चिखल आणि बर्फ’ अशी अक्षरं आहेत. कायद्याला तेवढं पुरतं. पोलीस अडवणार नाही तुला.”

“पोलीस काय मार्फा आजीला आंघोळ घालायला जाणार आहे?”

गॉर्डने हातातला टायर बाजूला लोटला.

खोऱ्यातल्या पुरुषांचा हा जुनाच आजार. एकदा का दारात फोर-व्हील ड्राइव्ह उभी राहिली, की हिवाळा हा इतरांसाठी असतो असं त्यांना वाटू लागतं. चार चाकं गाडीला ओढतात हे खरं; पण थांबवायच्या वेळी सगळ्यांच्याच गाडीला चार चाकं असतात, हे कोण कुणाला सांगणार? वॉल्टरला तर नाहीच. गेल्या फेब्रुवारीत एल्सीची छोटी गाडी मार्फा आजीचा डोंगर चढेना म्हणून त्याने स्वतःच किल्ली तिच्या हातात ठेवली होती. “बिनधास्त जा,” म्हणाला होता. चढताना गाडी खरोखरच बिनधास्त चढली. उतरताना पोपॉफचं म्हणतात त्या वळणावर तिने ब्रेक दाबला आणि गाडीने तो मनावरच घेतला नाही. सरळ सुटली ती कड्याच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. ढीग होता म्हणून एल्सी वाचली. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याने तिला ओढून बाहेर काढलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर ती बातमी केली. वॉल्टर काय म्हणाला? “ब्रेक मारलास, म्हणून घसरलीस.” घ्या! एल्सीने त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

एल्सीचं काम घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना बघायचं. आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, जखमेची पट्टी बदलायची, आणि उरलेला वेळ त्यांच्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकायच्या. डोंगराच्या टोकाला राहणारी मार्फा स्ट्रेलाएफ नव्वदी ओलांडलेली. डोळ्यांनी तिला उजेड-अंधार तेवढा कळे. कान मात्र असे तिखट, की भजनात मागच्या ओळीतली बाई सुरातून सरकली तरी हिच्या कपाळाला आठी पडे. डुखोबोर ह्या त्यांच्या पंथात भजनं वाद्याशिवाय म्हणतात. एल्सी पाठीवर पाणी घालत असताना आजी खालचा सूर धरायची आणि एल्सीला वरचा धरायला लावायची. असं तिचं न्हाणं चालायचं.

ह्या वर्षी आजीच्या सुनेनं, लोर्नानं, निर्वाणीचं सांगितलं होतं. आजीच्याच स्वयंपाकघरात, पण हळू आवाजात. आजीला ऐकू जाणार हे दोघींनाही माहीत होतं.

“मी वाईट नाहीये, एल्सी,” लोर्ना म्हणाली होती. “पण हिवाळ्यात वर कुणी पोचलंच नाही तर? तू गेल्या हिवाळ्यात कड्यावर लटकलीस. ह्या वर्षी वॉल्टरही नाही. खाली वृद्धाश्रमात खोली मिळतेय. पहिला बर्फ पडेल त्या दिवशी मी इथेच असेन. तू धडपणे वर आलीस आणि माझी खात्री पटली, तर ठीक. नाहीतर आईंची बॅग भरायची.”

“बॅग माझी, मग भरायची कधी ते मला विचारा की,” पलीकडच्या खोलीतून आजी म्हणाली.

दोघी हसल्या. पण परतताना एल्सीला ती खोली डोळ्यांसमोर दिसत होती. आजी त्या खोलीत महिनाभरही टिकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिथे चूल नाही, बाग नाही, आणि मोठ्यांदा गायलं तर शेजारचा भिंत ठोकतो.

तर त्यासाठी हे टायर.

गॉर्डने शेवटी मागून अरुंद टायर काढले. बाजूवर डोंगराचं चित्र, त्यात बर्फाचं फूल, अस्सल हिवाळी टायरची खूण. रबर बोटाने दाबलं तर मऊ लागत होतं. “हे थंडीतही कडक होत नाहीत. अरुंद आहेत म्हणून बर्फावर तरंगत नाहीत, कापत खाली रस्ता धरतात,” तो म्हणाला. हे त्याला आधीपासून माहीत होतं तर! “आणि आवाज म्हणशील तर मांजराच्या पावलांनी जाशील.”

“मग खिळेवाले दे.”

“अगं बाई! कोरड्या रस्त्यावर नुसती कटकट करतात ते. डोकं उठेल तुझं.”

“उठू दे. वरच्या वळणांवर सगळा काचेसारखा बर्फ असतो. आणि आजीला ऐकू गेलं पाहिजे मी आलेली.”

वॉल्टरचे टायर रस्त्यावर गुणगुणत. खालच्या दोन वळणांपासून तो घूंऽऽ आवाज वर पोचे. दर शनिवारी तो आजीकडे लाकडं टाकायला जाई, आणि गाडी दारात येईपर्यंत आजीने किटली चढवलेली असे. तो गेल्यावर एल्सी तीच गाडी घेऊन जाऊ लागली. आजी दर वेळी क्षणभर म्हणे, “वॉल्टर आला.” मग म्हणे, “नाही गं, तू.” एल्सीला त्या क्षणभराची सवय लागली होती. ती त्या क्षणासाठी वाट वाकडी करून गेली असती.

गॉर्डने पाना उचलला, परत खाली ठेवला. “मीच बसवले होते गं हे. काढायला हात धजत नाही माझा.”

“माझा तरी कुठे धजतोय? आण इकडे.”

तिने पाना नटाला लावला आणि जोर केला. नट जागचा हलेना. वॉल्टरची सवय, प्रत्येक नट पायाने आवळायचा. एल्सी शेवटी पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. तरी ढिम्म. “मेलास तरी हट्ट सोडला नाहीस!” ती चाकाला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. गॉर्डने नाक पुसलं, पुढे येऊन खांद्याचा आधार दिला आणि दोघांच्या वजनाने तो नट कुईं करत सुटला.

“चारही बदलायचे,” डोळे पुसत एल्सी म्हणाली. “पुढचे दोन बदलून भागवतात काही जण. मागचं ढुंगण फिरलं की मग देव आठवतो.”

“जुने मी विकून देऊ?”

“गाडीत टाक. घरी नेते.”

बर्फ पुढच्या बुधवारी पडला. खोऱ्यात पहिल्या बर्फाच्या सकाळी लोक प्रार्थनागृहाच्या मोकळ्या आवारात गाड्या आणतात, वेग घेतात आणि कचकन ब्रेक मारतात. कुणाची गाडी किती फिरते ते बघायला थर्मास घेऊन बघे उभे असतात. एल्सी शिरली तशी बर्फाच्या ट्रकवाल्याने हाक मारली, “एल्सीबाई, दोरी आणलीय मी!”

“गुंडाळून ठेव, तुझ्या सासूला ओढायला लागेल,” एल्सी म्हणाली. तिने वेग घेतला, ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. फिरली नाही की नाचली नाही. बघ्यांची निराशाच झाली म्हणायची.

पण आवार सपाट असतं, डोंगर नसतो. ती वर चढू लागली. खिळे बर्फात कटकट वाजत होते. पोपॉफचं वळण आलं तेव्हा तिचे हात आपोआप आवळले गेले. गाडी मात्र निमूट वळली. टोकाला पोचून तिने इंजिन बंद केलं. आजीच्या धुराड्यातून धूर निघत होता, पण दार उघडलं नाही.

आत किटली चढलेली नव्हती. आजी खिडकीशी शाल गुंडाळून बसली होती. “कोण आहे?” तिने विचारलं. आवाज परक्याला विचारावा तसा.

“मी, आजी. एल्सी.”

“तू? मला वाटलं कुणी चणे खात डोंगर चढतंय.” मग आजीचा चेहरा उतरला. “तो आवाज गेला म्हणायचा.”

“गेला, आजी,” एल्सी म्हणाली. तिला तिच्याजवळ बसावंसं वाटलं, पण दाराशी भरलेली बॅग होती आणि बॅगेशेजारी लोर्ना उभी होती.

“चढणं काय, कुणीही चढतं,” लोर्ना म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. रात्री झोप नसणार. “गेल्या हिवाळ्यातही चढलीच होतीस.”

“खरंय,” एल्सी म्हणाली. “बूट घाल. माझ्यासोबत खाली चल. पोपॉफच्या वळणावर मी मुद्दाम ब्रेक मारते. घसरले तर आजीची बॅग मी स्वतः उचलून गाडीत ठेवीन.”

“वेड लागलंय का तुला? मी त्या गाडीत?”

“जा गं,” आजी म्हणाली. “दोघी पडलात तर मी पोरांना सांगेन कुणाची चूक होती ते.”

उतरताना लोर्नाने एका हाताने दाराचं हँडल आणि दुसऱ्या हाताने एल्सीची बाही धरली होती. वळण दिसलं. कड्याकडे ह्या वर्षी अजून बर्फाचा ढीग जमलेला नव्हता. मोकळी हवा होती आणि खाली नदी. आजी, अरुंद टायर, गॉर्ड, वॉल्टर, सगळ्यांची तिने मनातल्या मनात माफी मागून टाकली आणि ब्रेक दाबला.

खिळे बर्फात खरखरले. गाडीने नाक खाली घातलं आणि वळणाच्या अलीकडेच उभी राहिली.

लोर्नाने खिडकीतून खाली नदीकडे पाहिलं. मग तिने एल्सीची बाही सोडली, बाहीवरची चुणी हाताने सरळ केली. “आईंची ती एकच लोकरीची टोपी बॅगेत तळाशी गेलीय,” ती म्हणाली. “चुरगळली असेल. चल परत. बाहेर काढून ठेवायला हवी.”

एल्सीने गाडी वळवली. तिला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही तिने चढावर लक्ष ठेवून आवरलं.

ह्या खेपेला दार उघडं होतं. आजी उंबऱ्यात उभी, हातात लाकडी डाव. चुलीवर किटली खदखदत होती आणि शेजारी बोर्श्च ह्या कोबीच्या सुपाचं पातेलं. “चणे खाणारी आली,” आजी आतल्या कुणाला तरी सांगावं तशी म्हणाली. आत कुणी नव्हतं. “वळणापासून ऐकतेय. थांबलीस तेही ऐकलं. बसा, दोघी बसा. त्या टोपीचं मग बघ, लोर्ना.”

तिघी जेवल्या. आजीने सुपावर क्रीम स्वतःच्या हाताने वाढलं, थोडं टेबलावरही वाढलं. मग तिने विचारलं, “वॉल्टरचे टायर कुठे टाकलेस?”

“घरी. भिंतीशी ठेवलेत.”

“दोन मला आण. दाराशी मातीने भरून ठेवते. शेपू लावीन वसंतात. वाफ्यापर्यंत वाकवत नाही आता, टायर उंच आहेत ते बरं.”

लोर्नाने एल्सीकडे पाहिलं, आणि ताटलीतला शेवटचा पाव दोघींत मोडून वाटला.

एल्सी घरी पोचली तेव्हा उजेड होता. भिंतीशी चार टायर बर्फाखाली गेले होते, चार गोल उंचवटे. तिने दोन उकरून काढले. हातमोज्याने त्यांच्या नक्षीतला बर्फ झटकला, एक एक करून गाडीच्या मागे चढवले. जड होते मेले. धाप लागली तिला. वसंत अजून पुष्कळ लांब होता, पण उद्या वर जायचंच होतं.